मुदत संपलेले पहारेकरी

वैजापूरहून पश्चिमेला निघाले की एका रस्त्याने येवला लागते आणि दुसऱ्याने कोपरगाव. आज हा प्रवास करताना जिल्हा बदलल्याचे कळते ते रस्त्याकडेच्या पाट्यांवरून. १९४७ पूर्वी मात्र येथे दोन राज्यांची सीमा होती. वैजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर येवला आणि कोपरगाव ब्रिटिश मुंबई इलाख्यात. सीमेवर करोडगिरीचे नाके होते आणि माल हद्दीपार नेताना कर भरावा लागे. टपालही दुहेरी होते. संस्थानाचे टपालखाते आणि तिकिटे स्वतंत्र होती, पण ती तिकिटे संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. म्हणजे वैजापूरहून दूरच्या औरंगाबादला पत्र धाडायचे तर निजामाचे तिकीट चाले आणि शेजारच्या येवल्याला धाडायचे तर ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, १ एप्रिल १९५० पासून संस्थानाचे टपाल भारतीय टपालात विलीन झाले आणि कालांतराने नाकेही उठले.

नाका म्हणजे काय? एका विशिष्ट काळातले नियम अंमलात आणणारी चौकी. नियम बदलले की चौकी आपोआप नाहीशी होत नाही. ती कोणीतरी आदेश काढून उठवावी लागते. नाक्यावर माणूस असेल तर त्याच्या कानावर बातमी तरी येते. परंतु पहारेकरी माणूस नसून संगणकाचा प्रोग्रॅम असेल तर त्याला राज्य बदलल्याची वार्ता कोण देणार? तो जुन्याच हुकुमाने पत्रे अडवत राहतो. ई-मेलच्या सर्व्हरवर बसणारा स्पॅम फिल्टर हा असाच एक पहारेकरी आहे. सर्व्हर अद्ययावत करण्यापूर्वी जुना फिल्टर आधी काढून टाका, असे जाणकार सांगतात. हा सल्ला वरवर तांत्रिक वाटतो, पण त्यामागचा इतिहास शिकण्याजोगा आहे.

विश्वासाचे दिवस

ई-मेल जन्मला तेव्हा त्याला पहाऱ्याची गरज नव्हती. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला संदेश पाठवला, तेव्हा जाळ्यावरची बहुतेक मंडळी विद्यापीठांतली आणि संशोधन संस्थांतली होती. पत्रांची ने-आण कशी करायची याचे नियम १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिले. त्या नियमांत पत्र पाठवणारा खरोखर तोच आहे ना, हे तपासण्याची सोय नव्हती. शिवाय कोणाचेही पत्र आपल्या सर्व्हरवरून पुढे ढकलणे हा त्या काळी शेजारधर्म समजला जाई. अशा सर्वांसाठी खुल्या सर्व्हरला पुढे 'ओपन रिले' हे नाव पडले.

आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हा शिक्षण व संशोधन जाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी (ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली), आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. एकमेकांना ओळखणाऱ्या संस्थांचे ते छोटेसे कुटुंब होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सर्वसामान्यांना खुली केली आणि हे कुटुंब एकदम बाजारपेठेएवढे झाले.

बाजारपेठ म्हटली की हाळी देणारे आलेच. त्यांची चाहूल मात्र फार आधी लागली होती. मे १९७८ मध्ये अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठवले. त्यावर बरीच टीका झाली. एप्रिल १९९४ मध्ये कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने 'ग्रीन कार्ड लॉटरी'ची जाहिरात हजारो चर्चागटांत टाकली. अशा नकोशा संदेशांना 'स्पॅम' म्हणण्याची पद्धत याच सुमारास रूढ झाली. हे मुळात डबाबंद मांसाचे व्यापारी नाव. एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमात उपाहारगृहातील जवळजवळ प्रत्येक पदार्थात तेच मांस निघते, त्यावरून हा शब्द आला.

चाळण्यांच्या तीन पिढ्या

स्पॅम रोखण्यासाठी जे उपाय निघाले, त्यांच्या ढोबळमानाने तीन पिढ्या मानता येतील. प्रत्येक पिढीने पत्राला वेगळा प्रश्न विचारला.

पहिल्या पिढीचा प्रश्न होता, 'तू कुठून आलास?' १९९७ मध्ये पॉल विक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपद्रवी सर्व्हरांच्या पत्त्यांची काळी यादी तयार केली. अशा याद्या वापरण्याची युक्ती सोपी आहे. पत्र आले की सर्व्हर यादी ठेवणाऱ्या संगणकाला विचारतो, 'हा पत्ता तुमच्याकडे आहे का?' उत्तर आले तर पत्ता काळ्या यादीत आहे. 'असे नाव नाही' असे कळले तर पत्र आत येऊ द्यायचे. ही रीत लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

दुसऱ्या पिढीचा प्रश्न होता, 'तू दिसतोस कसा?' २००१ मध्ये जस्टिन मेसन यांनी 'स्पॅमअॅसॅसिन' हा मुक्त प्रोग्रॅम उपलब्ध करून दिला. तो परीक्षकासारखा गुण देतो. विषय नुसत्या मोठ्या अक्षरांत आहे, इतके गुण. तारीख विचित्र आहे, इतके गुण. बेरीज ५ किंवा अधिक झाली की पत्रावर स्पॅमचा शिक्का बसतो. परीक्षेत गुण जास्त मिळालेले चांगले. येथे मात्र उलटे.

तिसऱ्या पिढीचा प्रश्न होता, 'तुझ्यासारखी पत्रे पूर्वी कशी निघाली?' थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा संभाव्यतेवरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील विचार स्पॅमला लावण्याचे संशोधन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ऑगस्ट २००२ मधील पॉल ग्रॅहम यांच्या लेखामुळे ते सर्वदूर पोहोचले.

हे गणित नववी-दहावीच्या वर्गात करून दाखवण्याजोगे आहे. समजा, एका शाळेला आलेल्या १०० पत्रांपैकी ६० स्पॅम आणि ४० कामाची होती. 'मोफत' हा शब्द ६० पैकी ३० स्पॅम पत्रांत आणि ४० पैकी २ कामाच्या पत्रांत आढळला. म्हणजे 'मोफत' असलेली एकूण पत्रे ३२. त्यांतील ३० स्पॅम. तेव्हा 'मोफत' शब्द दिसताच पत्र स्पॅम असण्याची संभाव्यता ३० भागिले ३२, म्हणजे जवळजवळ ९४ टक्के. आता समजा, पुढच्या वर्षी मोफत पाठ्यपुस्तके आणि मोफत गणवेश यांविषयीचा पत्रव्यवहार वाढला आणि ४० पैकी २० कामाच्या पत्रांत हा शब्द येऊ लागला. 'मोफत' असलेली पत्रे झाली ५०, त्यांतील स्पॅम ३०. संभाव्यता ६० टक्क्यांवर घसरली. शब्द तोच, फिल्टर तोच, भोवतालचे जग मात्र बदलले. नव्या पत्रांवरून शिकणे ज्याने थांबवले आहे, असा फिल्टर अजून ९४ टक्केच धरून बसेल आणि पाठ्यपुस्तकांचे पत्र अडवील.

फिल्टरच्या पोटात त्याच्या काळाचे चित्र साठवलेले असते. चित्र जुने झाले की निर्णय चुकतात. शिवाय ही चूक गाजावाजा करीत नाही. अडवलेल्या पत्राचा पत्ता पाठवणाऱ्याला नसतो आणि घेणाऱ्यालाही नसतो.

चार घटना

हे केवळ तर्काने म्हणत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत असे चार प्रसंग घडलेले दिसतात.

पहिला ऑगस्ट २००३ मधला. 'ओसिरुसॉफ्ट' ही एक प्रसिद्ध काळी यादी होती. तिच्या संगणकांवर सतत हल्ले होऊ लागले, तेव्हा चालकाने ती बंद करायचे ठरवले. पण जगभरचे सर्व्हर तिला प्रश्न विचारतच राहिले. शेवटी प्रत्येक प्रश्नाला 'होय, हा पत्ता काळ्या यादीत आहे' असे उत्तर मिळू लागले. क्षणात सारे जग काळ्या यादीत गेले आणि त्या यादीवर विसंबणाऱ्यांची पत्रे परत फिरू लागली.

दुसरा प्रसंग 'ओआरडीबी' या यादीचा. खुल्या सर्व्हरांची नोंद ठेवणारी ही यादी २००१ पासून चाले. दरम्यान जगातील बहुतेक सर्व्हर बंदिस्त झाले आणि स्पॅम पाठवणारे लोक विषाणूंनी ताब्यात घेतलेल्या घरगुती संगणकांकडे वळले. यादीचे प्रयोजनच उरले नाही. म्हणून चालकांनी १८ डिसेंबर २००६ रोजी रीतसर जाहीर करून ती बंद केली. फिल्टरातून तिचे नाव काढा, असेही सांगितले. त्यानंतर पंधरा महिने गेले, तरी प्रश्न येतच होते. २५ मार्च २००८ रोजी त्या पत्त्यावरून सर्व प्रश्नांना 'होय' हे उत्तर सुरू झाले. ज्यांनी नाव काढले नव्हते, त्यांच्याकडे येणारे प्रत्येक पत्र अडले.

तिसरा प्रसंग १ जानेवारी २०१० चा. स्पॅम पाठवणारे आपले पत्र यादीत वर दिसावे म्हणून त्यावर भविष्यातील तारीख घालत. त्यावर उपाय म्हणून स्पॅमअॅसॅसिनमध्ये एक नियम होता. २०१० ते २०९९ यांपैकी साल दिसले तर ती फार पुढची तारीख समजून गुण द्यावेत. नियम लिहिला तेव्हा २०१० खरोखरच दूर होते. पण वर्षे उलटली आणि नववर्षाच्या पहाटे जगातील प्रत्येक प्रामाणिक पत्र भविष्यातून आल्यासारखे दिसू लागले. मांडणीनुसार साधारण दोन ते साडेतीन गुण प्रत्येक पत्राला फुकट मिळाले. पाचाची मर्यादा ओलांडायला मग थोडेसेच निमित्त पुरे होई. चूक आधीच लक्षात आली होती आणि विकसनातील प्रतीत दुरुस्तही झाली होती. वापरातल्या प्रतींपर्यंत मात्र ती दुरुस्ती वेळेत पोहोचली नाही.

चौथा प्रसंग १ जानेवारी २०२२ चा. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्स्चेंज' या मेल सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांत विषाणू तपासणारा एक भाग असतो. त्याच्या माहितीसंचाला तारखेवरून क्रमांक दिला जाई. २०२२ उजाडताच तो २२०१०१०००१ झाला. ज्या जागेत तो ठेवायचा, ती ३२ बिटांची. तीत मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७. क्रमांक मावला नाही, तपासनीस कोलमडला आणि पत्रे रांगेत अडकली. अनेकांनी तात्पुरता उपाय म्हणून हा तपासनीसच बंद केला, तेव्हा टपाल वाहू लागले.

चारही प्रसंगांत बाहेरून कोणी नवा हल्ला करून पत्रे अडवली नव्हती. ती अडवली आपणच नेमलेल्या पहारेकऱ्यांनी. पहिल्या दोघांचा मालक निघून गेला होता, उरलेल्या दोघांना काळाचा अंदाज राहिला नव्हता.

आधी काढायचे का?

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, 'जुना फिल्टर राहू द्यावा, पुढे नवा लावावा. दोन चाळण्या एकीपेक्षा बऱ्या नाहीत का?' शंका योग्य आहे. समजा, प्रत्येक फिल्टर १०० पैकी १० स्पॅम पत्रे सुटू देतो. दोन्ही एकामागून एक लावले तर १०० पैकी १ सुटेल. फायदा दिसतो. पण प्रत्येक फिल्टर १०० पैकी १ चांगले पत्र चुकून अडवत असेल, तर दोन्हींतून पार होण्याची संभाव्यता ०.९९ गुणिले ०.९९, म्हणजे ०.९८०१. दर दहा हजार चांगल्या पत्रांत पूर्वी १०० हरवत, आता १९९ हरवतील. त्यांतले एखादे शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख कळवणारे असू शकते.

शिवाय हा हिशोब दोन्ही फिल्टर एकमेकांना त्रास देत नाहीत, असे धरून केला आहे. प्रत्यक्षात ते त्रास देतात. आजचे फिल्टर पत्राला एक नवा प्रश्न विचारतात, 'तुझी ओळख सिद्ध कर.' त्यासाठी तीन व्यवस्था आहेत. 'एसपीएफ' ही व्यवस्था पत्र अधिकृत सर्व्हरवरूनच आले का, ते पाहते. 'डीकेआयएम' पत्रावरची अंकीय मोहोर तपासते. 'डीमार्क' या दोहोंवरून काय करायचे ते ठरवते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना या व्यवस्था सक्तीच्या केल्या.

आता जुना फिल्टर दारात आणि नवा त्याच्या मागे, अशी रचना पाहू. जुना फिल्टर पत्र स्वतः घेतो आणि मागे देतो. त्यामुळे नव्याला प्रत्येक पत्र जुन्याच्याच पत्त्यावरून आलेले दिसते. औरंगाबादचे पत्र काय आणि अमेरिकेचे काय, सारे एकाच दारातून! वेगळी मांडणी केली नाही, तर एसपीएफची तपासणी येथेच फसते. दुसरे असे, की अनेक जुने फिल्टर संशयित पत्राच्या विषयापुढे 'स्पॅम' हा शब्द लावत. लाखेची मोहोर लावलेला लखोटा वाटेत कोणी उघडून त्यात चार अक्षरे लिहावीत, तसे हे झाले. डीकेआयएमची मोहोर तुटते आणि नवा फिल्टर अस्सल पत्राला बनावट ठरवतो.

तिसरी अडचण अद्ययावत करण्याच्या क्षणी येते. मेल सर्व्हरच्या मांडणीत 'प्रत्येक पत्र आधी अमुक फिल्टरला दाखवावे' असे लिहिलेले असते. नव्या आवृत्तीत जुना फिल्टर चालेनासा झाला, तरी ती ओळ तशीच राहते. 'पोस्टफिक्स' हा सर्व्हर अशा वेळी पत्र टाकून देत नाही. फिल्टर उत्तर देईल या आशेने ते रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. चार-पाच दिवस वाट पाहून सर्व्हरांनी पत्र परत करावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे बिघाड लगेच लक्षात आला नाही, तर आठवडाभराचे टपाल उलट्या पावली जाऊ शकते.

म्हणून काम क्रमाने करावे लागते. आधी, ज्यांची पत्रे अडवू नयेत अशांची जुन्या फिल्टरमधली यादी उतरवून घ्यावी. अटकेतली पत्रे तपासून चांगली सोडवावीत, कारण फिल्टर गेला की ती कोठडीही जाते. मग सर्व्हरच्या मांडणीतून त्याचे नाव काढावे आणि पत्र सुरळीत येते-जाते याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर प्रोग्रॅम काढावा, मग सर्व्हर अद्ययावत करावा आणि शेवटी नवा पहारेकरी बसवावा. मधल्या काही तासांत थोडे स्पॅम आत येईल. ते हाताने काढता येते; हरवलेले पत्र मात्र हाताने परत आणता येत नाही.

कोणी म्हणेल, आज बहुतेक शाळांचे टपाल मोठ्या कंपन्याच सांभाळतात, आपला काय संबंध? पण पहारा तेथेही असतोच, आणि स्वतःचा सर्व्हर चालवणारी महाविद्यालये, बँका, कारखाने आजही आहेत. शिवाय जुने फिल्टर निवृत्त होणे अजून चालू आहे. मायक्रोसॉफ्टने 'स्मार्टस्क्रीन' या फिल्टरला नवी माहिती पुरवणे १ नोव्हेंबर २०१६ पासून थांबवले. फिल्टर जागेवर राहिला, पण त्याचे ज्ञान त्या दिवशी गोठले. 'सॉर्ब्स' ही जुनी काळी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली. अशी बातमी वाचली की आपल्या मांडणीत ते नाव कुठे राहिले आहे का, हे त्याच दिवशी पाहावे.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. विद्यार्थ्यांचे दोन गट करा. पहिल्या गटाने वीस काल्पनिक पत्रे चिठ्ठ्यांवर लिहावीत, काही कामाची, काही जाहिरातीची. दुसऱ्या गटाने ती वाचून जाहिराती ओळखण्याचे पाच नियम करावेत आणि प्रत्येकाला गुण ठरवावेत. आता पहिल्या गटाने आणखी वीस पत्रे लिहावीत, पण या वेळी कामाच्या पत्रांत 'मोफत', 'लॉटरी', 'शेवटची संधी' हे शब्द यावेत. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के प्रवेशांची सोडत निघते, तिला पालक लॉटरीच म्हणतात. तेव्हा अशी पत्रे खोटी वाटणार नाहीत. जुनेच नियम लावून किती चांगली पत्रे अडली ते मोजा. मग नियम सुधारून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की मुलांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

विज्ञानात आम्ही उपकरण वापरण्यापूर्वी त्याचे प्रमाणीकरण करतो आणि ठरावीक मुदतीने ते पुन्हा करतो. तराजूची तपासणीही मुदतीची असते. नियमांनाही अशीच मुदत घालावी, हा या इतिहासाचा धडा आहे. एखादा नियम लिहिताना तो कशासाठी लिहिला आणि केव्हा पुन्हा पाहायचा, एवढे त्याच्या शेजारी टिपून ठेवले असते, तर २०१० साल उजाडताना कोणाचेही पत्र भविष्यातून आलेले ठरले नसते.